गाळलेला ‘म्हणे’

लिहून घ्या—सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, बाजारचौक, इमारतीचा तिसरा मजला; जुन्या वास्तूंच्या खात्याचे साहेब एकसष्ट पायऱ्या चढून आले आणि दारातच मटकन बसले. बातमी अशीच सुरू करायची, वेळ आणि ठिकाण, बाकी मीठमिरची नंतर. पाणी घ्या आधी. हसताय काय? तुम्ही चाळिशीतले, तुमची ही गत. आमची ही सहासष्टची, दोन्ही गुडघे गेलेले, अकरा महिन्यांत चौकात पाऊल टाकलेलं नाही. भाजी? खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडते. खालून भाजीवाली ओरडते, “वहिनी, एकदा खाली येऊन घासाघीस करा, वर बघून मान अवघडली माझी!”—आणि ही वरून, “तूच ये की वर, घोड्यावर बसून!” अख्खा बाजार हसतो. कोणावर? माझ्यावर, आणखी कोणावर!

घोडा तुम्हाला नवा नाही, तुमच्याच फायलीत आहे तो. जिन्याच्या मधे पोकळी आहे, लिफ्ट सहज बसते, सगळ्या बिऱ्हाडांची संमती आहे—पण नाही, ‘ऐतिहासिक जिना, हात लावायचा नाही’. ऐतिहासिक का? तर एक सेनापती घोड्यावर बसून हा जिना चढला. हे जगाला कोणी सांगितलं? मी. तेवीस वर्षांपूर्वी, पान तीन, फोटोसकट. मला कोणी सांगितलं? खालच्या न्हाव्याने, दाढी करता करता—गळ्यावर वस्तरा असताना उलटतपासणी कोण घेतो? अहो, जिना रुंद आहे तो धान्याची पोती वर न्यायला, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी थापाड्या नाही हं! मी लिहिलं होतं, ‘सेनापती घोड्यावर बसून हा जिना चढला म्हणे.’ म्हणे! या दोन अक्षरांवर आमचा अर्धा धंदा उभा असतो. सकाळी अंक उघडतो तर ‘म्हणे’ गायब. ओळीत मावेना म्हणून उपसंपादकाने कात्री लावली—झालं, ऐकीव गोष्टीचा इतिहास झाला. आता गाईड येतात, ते तर घोड्याचा रंगसुद्धा सांगतात.

कुठे असतो तो उपसंपादक? त्याला कशाला त्रास देताय—तो त्या दिवशी रजेवर होता. मग पान कोणी लावलं? आता बघा, छोटी कचेरी, माणसं तीन, लावलं असेल कोणीतरी… हे लिहू नका. बरं, मीच लावलं! आणि मावत नव्हतं वगैरे काही नाही, मावत होतं चांगलं. पण ‘म्हणे’ काढल्यावर वाक्य कसं टापा वाजवत निघालं! तरुण होतो—म्हणजे, पंचेचाळीसचा होतो.

हा कागद? ओळखतो. तुम्हीच धाडलेला, आठ महिने इथेच या पुस्तकांखाली आहे. ‘सदर मजकूर ऐकीव होता’ आणि खाली माझी सही, की जिना ऐतिहासिक वास्तूंच्या यादीतून बाहेर. खुलासा! साहेब, लोकांनी वकील लावले, एका आमदाराने कचेरीत खुर्ची फेकली, मी चाळीस वर्षांत एक खुलासा छापला नाही. आणि आता या पोत्यांच्या जिन्यापुढे मान तुकवू? ही म्हणते, “तुमच्या बातमीने एक मंत्री पडला नाही हो, मी तेवढी अडकले.” तिला काय सांगितलंय? हेच, की खातं फाइल दाबून बसलंय. दर सोमवारी चहाच्या वेळी तुमच्या नावाने खडे फोडतो मी, अग्रलेखाच्या थाटात. तिला पटतं—पटायचं, आतापर्यंत. परवा म्हणाली, “मला फक्त त्या भाजीवालीच्या शेजारी दहा मिनिटं बसायचंय.” मी काय बोललो? तुमच्या खात्यावर बोललो.

राहू द्या, पेन आहे माझ्याकडे. करतो की. नाही म्हटलंय का? एखादा शब्द बदलून—‘ऐकीव’ फारच पडेल वाटतं, नाही? अहो, हळू बोला ना जरा, सही-सही काय चाललंय, आत ती जागी—

ऐकलंत? ती विचारतेय, सही कोणाची राहिलीय म्हणून.

या तुम्ही आता. कठडा धरून उतरा.