देवीनं पास केलेली माती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय नगराध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले कंत्राटदार मासिलामणी अण्णा, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या तिलकवतीबाई, आणि पायसम कधी वाढतात म्हणून सारखं मागे वळून बघणाऱ्या माझ्या भगिनींनो,

मी पेच्चियम्मा, तळ्याकाठी पालेभाजी पिकवणारी. मला भाषणाची सवय नाही, भांडणाची आहे. आणि या बाईंशी मी पोटभर भांडलेय.

आपला जुना कचऱ्याचा डोंगर अण्णांनी खणला, चाळला. चाळणीखाली काळी भुसभुशीत माती पडली. अण्णा म्हणाले, "सोनं आहे, फुकट घ्या." फुकट म्हटल्यावर मी मागे राहते होय? शेतासाठी चांगल्या तीन लॉऱ्या सांगून ठेवल्या. बाई म्हणाल्या, "तपासल्याशिवाय शेतात टाकू नका." तेवढ्यात मारियम्मन देवीची जत्रा आली. मुळैपारीचं, म्हणजे मडक्यात उगवून देवीपुढे डोक्यावरून मिरवायचं धान्य आम्ही त्याच मातीत पेरलं. अंकुर असे तरारले, की डोक्यावरचं माझं मडकं देवळाच्या दारात अडकलं. अंकुर उंच म्हणजे देवी प्रसन्न. मग आणखी कसली तपासणी?

वाजतगाजत मडकी तळ्यात सोडायला निघालो, तर या बाई पायऱ्यांवर आडव्या. मी म्हटलं, "देवीनं पास केलं, नि तू कोण गं नापास करणारी?"

"देवीला कोण नापास करतंय, अक्का? अंकुर वाढले, कबूल. पण या मातीतून पाण्यात काय उतरतं, ते नको बघायला? हेच पाणी पितो आपण."

त्यांनी माझ्याच मडक्यात तांब्याभर पाणी ओतलं. बुडाच्या भोकातून काळंकुट्ट पाणी गळायला लागलं.

"मातीचा रंग असतोच हो," अण्णा म्हणाले.

"मग तुमच्या या पांढऱ्याशुभ्र वेष्टीचा, धोतराचा सोगा धरा पुढे, अण्णा. त्यातूनच गाळू."

अण्णा, रागावू नका, पण तुम्ही दोन पावलं मागे सरकलात. सगळ्या गावानं पाहिलं. आजही तुम्ही बाईंपासून चार खुर्च्या सोडून बसलात, वेष्टी सांभाळून.

आम्ही अंकुर तेवढे कापून, धुऊन तळ्यात सोडले. पुढे तपासणीत मातीत शिसं निघालं. ती बायपासच्या भरावात गेली, तीही खाली जाड प्लास्टिक अंथरून. माझं शेत वाचलं, आणि तुमच्या ताटातली भाजीही. हे मी बाईंना तोंडावर कधी बोलले नाही. आज बोलते. तिलकवती, फार उपकार झाले.

बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल तर अध्यक्षांनी आणि विशेषतः अण्णांनी पोटात घालावं. ऐकून घेतलंत, आभारी आहे.

एक राहिलं. मघाशी मी बाईंना माझ्या शेतातल्या मातीत लावलेल्या माठाच्या भाजीची कुंडी भेट दिली. मी इथं बोलत असताना बाईंनी त्यातली चिमूटभर माती रुमालात बांधलीय. दिसतंय मला. न्या, बाई, तपासा. निकाल काय तो आधी मला सांगा. देवीला मी सांगेन.