समुद्राच्या ओळी

समारंभाचे अध्यक्ष पास्टर आयझॅक्स, आमच्या वर्कशॉपचे मालक अंकल लेस्टर, डर्बनहून आलेले नवरदेव मर्विन, एल्डोरॅडो पार्कच्या तमाम आंटी, अंकल आणि मित्रहो, आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती टॅरिन,

माझं सगळं बदललं ते एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. मामाची गाडी घेऊन अंकल लेस्टरच्या वर्कशॉपात आलो होतो. तिथं काम करणाऱ्या टॅरिननं इंजिनाला लावलेल्या तांब्याच्या नळीचं दुसरं टोक माझ्या कानाशी धरलं. "ऐक. खडे वाजतात ना? ठिणगी फार लवकर पडतेय. पिस्टन बिचारा वर येतोय आणि ही त्याच्या डोक्यात हाणतेय." एवढंच. बुधवारी मी कॉलेजला गेलो नाही, वर्कशॉपात कामाला आलो. कॉलेजला पुढं कधीच गेलो नाही. त्यावरचं आईचं मत सगळ्या आंटींना पाठ आहे, ते इथं नको.

तिनं काय शिकवलं? टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा जितकी दाट, तितकी ठिणगी उशिरा पाडायची. आपलं जोहान्सबर्ग उंचावर, हवा विरळ. लॅपटॉपवर ठिणगीच्या टायमिंगचा तक्ता भरतो, त्याच्या दाट हवेच्या वरच्या तीन ओळींपर्यंत इथं गाडी पोचतच नाही. टॅरिन त्यांना समुद्राच्या ओळी म्हणते. गाडी किनाऱ्याला, डर्बनकडे जाणार असेल, तर त्या टायमिंग मागं घेऊन, म्हणजे ठिणगी उशिरा करून, हातानं भरायच्या. नाही भरल्या तर गाडी इथं वाघ, आणि घाट उतरला की पिस्टन वितळला. दर डिसेंबरात आपले किती बहाद्दर टो-ट्रकमधून परत येतात! हसू नका अंकल स्टॅनली, तुम्ही दोनदा आलात.

मर्विनच्या गाडीला अंकल लेस्टरनी लग्नाची भेट म्हणून मोठा टर्बो बसवला. टायमिंग माझ्याकडे दिलं. दुसऱ्याचा तक्ता टॅरिन तपासल्याशिवाय सोडत नाही. काल म्हणाली, "तू केलंयस ना? मग मी नाही बघत."

मी म्हटलं, "बरं."

त्या ओळी मी भरलेल्या नाहीत. विसरलो नव्हतो. समोर दिसत होत्या. लॅपटॉप मिटला. मला एरवी लगेच राग येतो, तोही आला नाही. ती टो-ट्रकमध्ये बसून परत येतेय, एवढंच दिसत होतं.

मर्विन, बस खाली. मारायचं ते नंतर.

दोन वाजता तुम्ही निघणार. स्टिअरिंगवर तीच बसणार, कुणाला देते का ती? घाटात मागं मोठा ट्रक आणि पुढं इंजिन बसलं तर? हे मला आत्ता सुचलं, तिला पहिल्या रांगेत पाकातलं कूकसिस्टर खाताना बघून.

टॅरिन, अशी बघू नकोस. किती अंश मागं घेऊ, सांग.

सहा? बरं. सहा.

आयोजकांचे आभार, स्वयंपाक करणाऱ्या आंटींचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जे केलं त्याला माफी मागत नाही, ते दुरुस्त करतो. मर्विन, किल्ली टाक इकडे. वीस मिनिटं लागतील, तोवर जेवून घ्या. दार मी ओढून घेतो. इंजिनाचा आवाज आत यायला नको.