हिरवा नवरदेव

पहिल्याच फोटोत नवरदेवाचा चेहरा हिरवट आला. दिघोरीला मावसबहीण रंजूचं साक्षगंध होतं आणि कॅमेरा मामेभाऊ प्रशांतदादाच्या भंडाऱ्याच्या स्टुडिओतला. याच्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला तीन थर असतात, प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही रंग पकडतो, पुढचा जमाना याचाच, असं मीच सगळ्यांना ऐकवलेलं. तिसऱ्या फोटोनंतर तो तापला, लाल दिवा लुकलुकत राहिला आणि बटण दाबलं तरी ढिम्म.

"बिघडवला न दादाचा कॅमेरा?" रंजू म्हणाली.

मावशीने तो माझ्या हातून घेतला आणि सरळ तांदळाच्या डब्यात खुपसला. "आमचा मोबाइल असाच बरा झालता."

"मावशी, हा भिजला नाही, तापला आहे."

"मंग थंडा होईल."

नवरदेव अंगठी हातात धरून फोटोसाठी ताटकळलेला. मी दादाला फोनवर फोन लावत होते. शेवटी त्याने उचलला. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"काही बिघडला नाही, तो तसाच आहे," दादा शांतपणे म्हणाला. "म्हणून तर तुले देला. चांगला असता तर मीच नसतो का वापरला?"