परीक्षेच्या स्टुलावर कोण बसणार

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले सरपंच माननीय आप्पासाहेब, व्यासपीठावरील पंचायत समितीचे सन्माननीय सभासद, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपल्या दवाखान्याचे डॉक्टर शामकांत निसळ, आणि सतरंजीवर दाटीने बसलेल्या माता-भगिनींनो व बंधूंनो,

शाळेचा मुख्याध्यापक म्हणून चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. तसा शब्दांचा मान या गावात बरीच वर्षे माझ्याकडेच होता. समन्समधला शब्द अडला, पोथीतला अडला, की लोक शाळेच्या पायरीवर यायचे. एकाहत्तर सालच्या आषाढात डॉक्टर आले आणि ती वर्दळ दवाखान्याकडे वळली. त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.

डॉक्टर देखणे आहेत. आवाज गोड आहे. नदीला पूर असताना पलीकडच्या वाडीवर देवीची लस टोचायला ते पोहत गेले. एवढे सगळे एकाच माणसाला द्यायची काय गरज होती?

त्यांनी बायकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग काढला. शरीराचा एक-एक भाग घ्यायचा, त्याचे आपले नाव सांगायचे, मग दवाखान्यातले. नडगी म्हणजे टिबिया, बरगड्या म्हणजे रिब्ज. भात लावताना वाफ्याच्या एका टोकाची बाई 'पाणथरी' म्हणून ओरडायची, दुसऱ्या टोकाची 'स्प्लीन' म्हणून उत्तर द्यायची. जी पहिली येईल तिला नगरला नर्सच्या शिक्षणाला पाठवायचे, असे डॉक्टरांनी जाहीर केले होते.

आमचे कुटुंब मुक्ताबाई या वर्गात होत्या. लग्नानंतर त्यांना सातवीला मी बसवले. अडलेला शब्द त्या मला विचारायच्या. वर्ग सुरू झाल्यावर विचारणे थांबले. आमच्या मातोश्री आक्काबाई बाहेर गेल्या, की माझ्या पाठीचे मणके मोजले जायचे. एकदा केर काढताना म्हणाल्या, "अहो, तुमचा फीमर आडवा आलाय, उचला." मी मांडी उचलली. "कोणी शिकवलं?" असे विचारले. "डॉक्टरांनी," म्हणाल्या, आणि हसल्या. हसण्यासारखे त्यात काय होते, ते मला अजून कळलेले नाही.

असो. वर्गातल्या सांगाड्याच्या तक्त्याचा कमरेखालचा भाग उंदरांनी खाल्ला होता. म्हणून परीक्षेला स्टुलावर जिवंत माणूस बसवायचा आणि बायकांनी हात लावून नाव सांगायचे, असे ठरले. डॉक्टर म्हणाले, "मीच बसतो."

सभाजनहो, मी त्यांना तसदी कशी घेऊ देणार? मी सदरा काढला आणि नुसत्या बंडीनिशी स्टुलावर जाऊन बसलो. माझ्या मनात काय होते, ते सभेला सांगण्याची आवश्यकता नाही.

परीक्षा पाहायला गाव लोटले होते. छबूबाईंनी माझा खांदा दाबून नाव सांगितले, वर म्हणाल्या, "गुरुजी, अंग चोरू नका, हाड घावत न्हाई." मग मुक्ताबाई पुढे आल्या. समोर सासू, बाजूला वडीलधारी मंडळी. चारचौघांत नवऱ्याला हात कसा लावायचा? त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली मान घालून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी दोनदा विचारले. वर्गात सगळ्यात जास्त शब्द येणारी बाई, आणि तिला एकही गुण मिळेना.

तेव्हा आमच्या मातोश्री उठल्या. "ऊठ रं," मला म्हणाल्या. "माझ्या म्होरं ती तुला हात लावंल व्हय? सरक, मी बसते."

डॉक्टर म्हणाले, "आक्काबाई, चालेल ना?"

"न चालायला काय झालं? हाडं मला बी हायती."

मग मुक्ताबाईंनी सासूच्या टाचेपासून कवटीपर्यंत एकेका हाडावर बोट ठेवले आणि दोन्ही नावे सांगितली. कुठेही अडल्या नाहीत. मी सदरा हातात घेऊन भिंतीशी उभा होतो. घरी जाताना मी म्हणालो, "मी बसलो होतो तेव्हा एक नाव तरी सांगायचं." त्या म्हणाल्या, "तुमाला कुनी बसायला सांगितलं हुतं?"

मुक्ताबाई पहिल्या आल्या. नगरला जायला नवऱ्याची संमती लागते. डॉक्टरांची बदली झाल्याचे ऐकून मी समाधानाने झोपलो होतो. दुसऱ्या दिवशी कळले की बदलीही नगरलाच आहे, नर्सचे शिक्षण मिळते त्याच दवाखान्यात. आज सकाळी ते म्हणाले, "गुरुजी, काय ठरलं?" मी म्हणालो, सभेत सांगतो.

डॉक्टर, मुक्ताबाई नगरला येतील. संमती मी दिली. घर मातोश्री पाहतील, तसे त्यांनी मला न विचारताच ठरवले आहे. मात्र तिथल्या परीक्षेतही स्टुलावर माणूस लागला, तर आपण बसू नये. एक कार्ड टाकावे. मी पहिल्या एस.टी.ने निघेन, आणि या वेळी आईला बरोबर घेऊन येईन.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतले, मी आभारी आहे. डॉक्टरांच्या स्तुतीत कुठे कमी पडलो असेन तर पदरात घ्यावे. जास्त झाली असेल, तर तीही चूक माझीच.