हात सुखाने जातो तिकडे

साल १९७३. डोळ्यांच्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळणाऱ्या नर्सबाईंच्या कानावर बाकावरचं बोलणं पडत होतं. डोळे बांधलेले म्हातारे खाणीतले जुने मुकादम, शेजारी त्यांची भूगर्भशास्त्र शिकलेली लेक.

"बाबा, सोन्याची शीर भेगेपाशी तुटलीय. पलीकडचा खडक सरकलाय. वर की खाली, कळत नाही. सोमवारी खाण बंद करतायत."

"चारशे घरांच्या चुली आहेत तिच्यावर!"

"म्हणून तर भेगेच्या आपल्या बाजूच्या भिंतीचा तुकडा आणलाय. खाणीत त्याची वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून बाण काढलाय, टोक वर. भिंगातून नुसते ओरखडे दिसतात."

"ठेव ते भिंग. तळहात फिरव. वर जाताना?"

"खरखरतं."

"आणि खाली?"

"अगं बाई! गुळगुळीत!"

"हात सुखाने जातो, तिकडेच पलीकडचा खडक घासत गेलाय. खाली शोधा."

"लिहून देऊ? चुकलं तर?"

"माझं नाव घाल. डोळे बांधलेत माझे, हात नाही."

शीर वीस मीटर खाली सापडली. खाण आणखी अकरा वर्षं चालली. मुकादमांना एका डोळ्याने दिसू लागलं, आणि लेकीचा बढतीचा कागद त्यांनी स्वतः वाचला. नर्सबाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. दगडी भिंत दिसली की त्या अजून तिच्यावरून एकदा वर, एकदा खाली हात फिरवतात.