बाबा कोणत्या गटात?

दवाखान्यातल्या बाकावर एक शिक्षिका आपला नंबर लागायची वाट बघत होत्या. शेजारी एक सुतार आणि त्यांची प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी. तिच्या हातात बंद पाकीट होतं. वडिलांच्या यकृतावरचे व्रण वाढले की थांबले, ते त्यात होतं.

“म्हणजे तुझ्या प्रयोगातलं ते एन्झाइम जास्त असलं, की उंदरांच्या यकृतावर व्रण कमी पडतात?”

“तसं दिसतंय, बाबा. ते राखण करत असावं.”

“मग मलाही दे की चमचाभर!”

“आधी उंदरांचं तरी नक्की होऊ द्या. मी व्रण मोजते, पण कोणता उंदीर जास्त एन्झाइमच्या गटातला नि कोणता कमीच्या, हे मला सांगतच नाहीत.”

“का गं? विश्वास नाही तुझ्यावर?”

“माझाच माझ्यावर नाही. गट कळला, की डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं.”

“मग ते पाकीट आण इकडे. तू वाचायचं नाहीस.”

“बाबा!”

“मी कोणत्या गटातला, ते तुला चांगलं ठाऊक आहे. अहो ताई, तुम्ही तर मला ओळखत नाही. जरा वाचता?”

शिक्षिकांनी चष्मा लावला.

“व्रण मागच्या वर्षीइतकेच आहेत. वाढलेले नाहीत.”

“पुन्हा वाचा ना,” मुलगी म्हणाली.

शिक्षिकांनी पुन्हा वाचलं, जरा मोठ्याने.