तिसरा साबण

...नाही, पण मला सांगा, दुकानदाराने गिऱ्हाइकाला विचारायचं 'काय हवंय?', का गिऱ्हाइकाने दुकानभर वणवण करत स्वतःलाच विचारायचं? त्या नव्या अवाढव्य दुकानात गाडी आपण ढकलायची, माल आपण शोधायचा, पिशवीही घरची, आणि एवढं करून दारातला गडी पावती तपासणार! पैसे मोजून वर चोर! माझ्या दुकानात हे चाललं नसतं!

तुम्ही म्हणाल, तू स्वतः दुकानदार, तू तिथे कशाला कडमडलास? अहो, बायको! 'तुमचा ठोकवाला ज्या भावाने साबण देतो, त्याहून तिथे किरकोळीत स्वस्त. तिथून आणा, इथे विका!' म्हटलं, आणि मास्तरीणबाईंना कळलं तर? सगळी गल्ली तिकडे पळाली, गिऱ्हाईक म्हणून उरल्यात त्या एकट्या! 'त्या मेल्या दुकानाची मी पायरी चढणार नाही हो!' म्हणतात. त्या गेल्या की मी शटर ओढून घरी बसायला मोकळा!

तरी गेलो. टोपी पार कानांवर ओढून. साबणाच्या फळीशी वाकलो... दोनावर एक फुकट! गाडी भरतोय भराभरा, तर पलीकडून कोण वाकलंय? डोक्याला रुमाल, काळा चष्मा... मास्तरीणबाई! 'अय्या, मी... मी भाचीसाठी आले हो!' 'मी पण! मेव्हण्यासाठी!' त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं. नुसता साबणाचा ढीग! एवढा मळका मेव्हणा कुणाचा असतो का हो? माझ्या दुकानात हे... जाऊ दे!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझं आपलं आत-बाहेर, आत-बाहेर. येतात का नाही? बायको म्हणते, 'अहो बसा, फरशी झिजेल!' बसवतंय कुणाला? आणि... आल्या! जीव भांड्यात पडला! 'दोन साबण द्या.' दिले. पैसे घेतले. पण बाई हलेनात. हात पुढेच!

'तिसरा?'

'कुठला तिसरा?'

'फुकटातला! तुम्हाला मिळाला ना? माझ्या डोळ्यांदेखत!'

अहो, इतकी वर्षं मी सांगेन तो भाव! कुणी कुरकुर केली की तोंडावर सांगायचो, 'परवडत नसेल तर दुसरं दुकान बघा!' तोच मी... तिसरा साबण काढला, शर्टाला पुसला, त्यांच्या हातावर ठेवला, आणि वर काय म्हणालो? 'पुन्हा या हं!'

चालायचंच. माझ्या दुकानात आता हेच चालतं!